जपानी पपनस : निवडणं, थांबणं, सोलणं आणि सालासकट वापरणं

दर हिवाळ्यात जपानात राहणाऱ्या ओळखीच्यांकडून एकच तक्रार येते. ऑफिसात कुणीतरी वर्षअखेरची भेट म्हणून भलंमोठं पिवळं फळ दिलं, हौसेने कापलं आणि कडू निघालं. कसं कापलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : मोसंब्यासारखं, आडवं, मधोमध.

बुन्तानच्या, म्हणजे या जपानी पपनसाच्या, गराला फार तर पुसटसा कडसरपणा असतो. खरा कडवटपणा फोडीवरच्या पापुद्र्यात, मधल्या पांढऱ्या सालीत आणि बियांत असतो. आडवं कापलं की सुरी या तिन्हींमधून जाते आणि तो सगळा रस गरावर उतरतो. म्हणून या फळात सुरीचं काम थोडं आणि हाताचं जास्त.

कोकणात आणि गोव्यात गणपतीवर माटोळीला टांगतात ते पपनस आणि हे जपानी फळ एकाच जातीचं, सिट्रस मॅक्सिमा. त्यामुळे खाली दिलेली सोलण्याची आणि सालीची कृती घरच्या पपनसालाही चालते. वाण, हंगाम आणि थांबण्याचे दिवस मात्र जपानचे आहेत, ते इथल्या फळाला लावू नका.

फळाला हात लावण्याआधी : औषधांची यादी बघा

हा भाग शेवटी टाकला तर कुणी वाचत नाही, म्हणून पहिला.

ग्रेपफ्रूटबरोबर जी औषधं चालत नाहीत, ती पपनसाबरोबरही चालत नाहीत असंच धरून चाला. या फळांतली फुरानोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्यातलं औषध पचवणारं एक एन्झाइम बंद पाडतात आणि गोळीचा नेहमीचा डोस रक्तात जास्त प्रमाणात उतरतो. रक्तदाबाच्या औषधांपैकी फेलोडिपिन आणि निफेडिपिन, कोलेस्टेरॉलसाठीची सिम्वास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन, अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही त्यातली ठळक नावं. यादी याहून मोठी आहे. रोज गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारल्याशिवाय फळ खाऊ नये.

सावधान : सकाळी गोळी आणि संध्याकाळी फळ ही पळवाट चालत नाही. बंद पडलेलं एन्झाइम शरीराला नव्याने तयार करावं लागतं, त्यामुळे परिणाम एक ते तीन दिवस राहतो. पाकवलेली सालही यातून सुटत नाही, कारण ही द्रव्यं सालीत जास्तच असतात. जपानातला नेहमीचा छोटा संत्रा, म्हणजे उन्शू मिकान, या बाबतीत निर्धोक आहे. घरातल्या आजी-आजोबांना फोडी द्यायच्याच असतील तर मिकानच्या द्या.

टप्पा १ : हातात नेमकं कोणतं फळ आहे?

दुकानात जवळपास सारखी दिसणारी पाचसहा पिवळी फळं शेजारी शेजारी मांडलेली असतात. प्रत्येकाची खायची रीत वेगळी. आधी चिठ्ठी वाचा, किंवा फोनवर फोटो काढून भाषांतर करून घ्या.

तोसा बुन्तान : शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातलं. जपानात पिकणारं बहुतेक बुन्तान याच प्रांताचं. वजन अर्धा किलोच्या आसपास, साल साधारण बोटभर जाड, बिया भरपूर. याचे दोन प्रकार येतात. हरितगृहातलं फळ थंडीच्या सुरुवातीला बाजारात असतं. उघड्या बागेतलं, ज्याला ‘रोजी’ म्हणतात, ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भेटतं.

सुइशो बुन्तान : हेही कोचीचंच, हरितगृहातलं, शरद ऋतूत येणारं. साल पातळ, कधी हिरवट पिवळी; गर जवळजवळ पारदर्शक आणि रसाळ. भेटीच्या पेटीत एकदोनच फळं असतात आणि किंमत बघून दचकायला होतं.

बानपेइयु : क्यूशू बेटावर कुमामोतो प्रांतातल्या यात्सुशिरोचं. दीड-दोन किलो वजन म्हणजे नेहमीचं, त्याहून मोठंही मिळतं. साल दोन सेंटिमीटर किंवा जास्तच जाड. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ, म्हणून नववर्षाच्या भेटीत हेच जास्त फिरतं.

आता घोटाळा कुठे होतो ते सांगतो. ह्युगानात्सु नावाचं मियाझाकीचं फळ (कोचीत त्यालाच कोनात्सु म्हणतात) पांढऱ्या सालीसकट खातात. त्याची पांढरी साल गोडसर असते आणि वरची पिवळी तेवढी सफरचंदासारखी सोलायची असते. कुणीतरी ती रीत दाखवते आणि आपण ती बुन्तानवर चालवतो. बुन्तानची पांढरी साल कच्ची खायची नसतेच. आमानात्सु आणि हास्साकु ही बुन्तानची नातलग फळं. ती बुन्तानसारखी सोललीत तरी बिघडत नाही, पण लहान असतात आणि चव आंबटाकडे झुकते.

टप्पा २ : विकत घेताना

१. दोन सारख्या आकाराची फळं दोन हातांत घ्या. जड असेल ते घ्या. हलकं फळ म्हणजे बऱ्याचदा आतला गर सुकत चाललेला.

२. साल ताणलेली आणि चकचकीत असेल तर फळ ताजं आहे, थांबावं लागेल. तकाकी जरा गेलेली, साल किंचित मऊ आणि देठाशी वास येत असेल तर आज-उद्या खाण्याजोगं आहे.

३. पेटीवर प्रत लिहिलेली असते : शू, यू, र्यो. ही प्रत ठरवताना बाहेरचं रूप बरंच धरलं जातं. घरी खायला ‘वाके-आरी’ म्हणजे डाग-ओरखडे असलेली पेटी घ्या. फांदीला घासून सालीवर उठलेला खरखरीत तपकिरी पट्टा आत उतरत नाही, आणि पैसे बरेच वाचतात. भेट द्यायची असेल तेव्हाच वरच्या प्रतीवर खर्च करा. जपानी माणसाला भेट म्हणून डागाळलेलं फळ देणं बरं दिसत नाही.

४. मोठं फळ म्हणजे गोड फळ, असं समीकरण नाही. २एल, ३एल हे फक्त माप आहे. पहिल्यांदा घेत असाल तर मध्यम मापाचं तोसा बुन्तान घ्या. बानपेइयु दोघांच्या घरात संपत नाही.

टोकियोत असाल आणि जवळच्या सुपरमार्केटात मिळालं नाही, तर गिन्झामध्ये कोची आणि कुमामोतो या दोन्ही प्रांतांची स्वतःची विक्रीकेंद्रं आहेत. हंगामात तिथे मिळतं.

तपासा : तळाशी अंगठ्याने हलकं दाबा. एका जागी खड्डा पडून तसाच राहिला, तर आत कुजायला सुरुवात झाली आहे. सगळीकडे सारखा किंचित मऊपणा असेल तर चांगलं.

टप्पा ३ : थांबणं

सगळ्यात जास्त फळं इथेच वाया जातात. झाडावरून उतरवलेलं उघड्या बागेतलं तोसा बुन्तान आंबटढाण असतं. कोचीतले शेतकरी ते डिसेंबर-जानेवारीत उतरवतात आणि गवताखाली किंवा कोठारात महिनाभर, कधी त्याहून जास्त, ठेवून मगच विकतात. या दिवसांत आम्लता उतरते. गोडी काही नव्याने चढत नाही, आंबटपणा कमी झाल्यामुळे ती जाणवायला लागते.

दुकानातलं फळ या मुक्कामातून आलेलंच असतं, पण हंगामाच्या सुरुवातीच्या पेटीला घरी अजून एक-दोन आठवडे दिलेत तर फरक कळतो. पेटीतलं एक फळ आज खा, आंबट वाटलं तर बाकीची ठेवा, आठवड्याने दुसरं सोला. एकाच दिवशी सगळी पेटी सोलू नका.

बानपेइयु भेट आलं की पहिलं काम : दिवाणखान्यात ठेवा आणि विसरून जा. जपानी घरांतही ते आधी शोभेला आणि वासासाठीच मांडतात. दोन ते चार आठवड्यांत वास घरभर येऊ लागतो, सालीची तकाकी जाते, दाबल्यावर टणकपणा कमी झालेला कळतो. तोवर सुरी लावू नका.

सुइशो बुन्तानला हा नियम लागू नाही. पातळ सालीचं असल्यामुळे ते लवकर सुकतं. आल्यावर आठवडाभरात संपवा.

ठेवायची जागा थंड, कोरडी आणि ऊन न येणारी हवी. जपानी घरात हीटर नसलेली खोली किंवा दाराजवळची जागा उत्तम. हीटरच्या झोतात ठेवलेलं फळ आतून कोरडं पडतं : गराचे दाणे पांढरे, रबरासारखे होतात आणि त्यावर उपाय नाही. फळं एकमेकांवर रचू नका. साल मऊ झाली पण एवढ्यात खायचं नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात टाका.

सावधान : सालीवर सुरकुत्या पडल्या म्हणून फळ फेकू नका. सुरकुतलेलं तोसा बुन्तान बरेचदा पेटीतलं सगळ्यात गोड निघतं. बुरशीचा हिरवा-पांढरा ठिपका दिसला तर मात्र ते फळ लगेच पेटीबाहेर काढा.

टप्पा ४ : सोलणं

लागणारं साहित्य : धारदार छोटी सुरी, टोकदार कात्री, दोन भांडी (एक गराला, एक सालीला), ओला फडका. कोचीत ‘मुक्की-चान’ नावाचं हातात मावेल एवढं प्लास्टिकचं सोलणं वापरतात. फोडीच्या कडेवरून ओढलं की पापुद्रा चिरला जातो. पेटी घेणार असाल तर ते घ्याच. दुकानांत फळाशेजारीच ठेवलेलं असतं.

१. फळ कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पूर्ण पुसा. ओली साल सुरीखाली घसरते. साल वापरायची नसली तरी धुवा, कारण सालीवरचे हात पुढे गराला लागतात.

२. देठाकडची टोपी कापा. तोसा बुन्तानला एक सेंटिमीटर, बानपेइयुला दोन. कापल्यावर पांढरी सालच दिसली पाहिजे. फोडी दिसल्या म्हणजे सुरी खोल गेली.

३. टोपीच्या कडेपासून तळापर्यंत उभ्या चिरा द्या : लहान फळाला सहा, मोठ्याला आठ. चीर पिवळी आणि पांढरी साल कापेल, फोडीला लागणार नाही, इतकीच. सुरीच्या पात्यावर सालीच्या जाडीएवढ्या अंतरावर अंगठा धरला की अंदाज चुकत नाही. टोपीची कापलेली कड बघूनच जाडी कळते.

४. चिरेत अंगठा घालून एकेक पट्टी खाली ओढा. बानपेइयुची साल जोर मागते. बोटं पांढऱ्या सालीत न रुतवता फोडींना चिकटून सरकवा. पट्ट्या अखंड निघाल्या तर उत्तम, पुढे कामाला येतात. त्या दुसऱ्या भांड्यात टाका.

५. फोडींच्या गोळ्यावर उरलेली पांढरी साल बोटाने खरवडून काढा. सगळी निघायला हवी असं नाही, कारण पापुद्रा पुढे जाणारच आहे.

६. दोन्ही अंगठे मधल्या पोकळीत घालून गोळा उघडा. दोन भाग, मग एकेक फोड सुटी करा.

७. आता मुख्य काम. फोडीची सरळ कड, म्हणजे जी फळाच्या मध्याकडे होती ती, कात्रीने पूर्ण लांबीभर छाटा. बिया याच कडेला रांगेने असतात. कड उघडली की बिया बाहेर ढकला, पापुद्रा दोन्ही बाजूंना पुस्तकासारखा उलगडा आणि गर पाठीकडून उचलून घ्या. पिकलेल्या फळात गर अख्खा सुटतो, हात जवळजवळ कोरडे राहतात. दाणे एकमेकांना धरून असतात, दाबल्याशिवाय रस सुटत नाही.

तपासा : पहिल्या फोडीचा गर तोंडात टाका. कडू लागला तर पाठीकडून पापुद्र्याचा तुकडा चिकटून आला आहे का बघा. तिथे तो हमखास राहतो.

नेहमीच्या चुका इथे तीन. पहिली, कंटाळून पापुद्र्यासकट खाणं. संत्र्याचा पापुद्रा चालतो, हा जाड आणि कडू असतो. दुसरी, हॉटेलातल्यासारखं सुरीने साल आणि पापुद्रा एकदमच तासणं. हात बसलेला नसेल तर चतुर्थांश गर सालीबरोबर जातो आणि हे फळ त्या भावाचं नाही. तिसरी, रस काढायला गर बियांसकट मिक्सरमध्ये घालणं. बी फुटली की रस गेला. रस हवाच असेल तर सोललेला गर गाळणीत हाताने दाबा आणि लगेच प्या, ठेवलेला रस आणखी कडू होत जातो.

सोललेला गर झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. साखर पेरून ठेवू नका, पाणी सुटतं.

टप्पा ५ : पानात वाढताना

चांगलं फळ निघालं तर काहीही न करता, गार करून खा. सुइशो बुन्तानची कोशिंबीर करणं हा मला अपराधच वाटतो.

तोसा बुन्तान मात्र स्वयंपाकात छान बसतं, एका अटीवर : गर शेवटी घालायचा. मीठ लागलं की दहा मिनिटांत दाणे रस सोडतात. कोशिंबिरीसाठी वाटीभर गराचे मोठे तुकडे हाताने करा. ओलं खोबरं, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर, चमचाभर साखर आणि मोहरी-हिंगाची फोडणी वेगळी तयार ठेवा. फोडणी पूर्ण गार होऊ द्या. पानं मांडल्यावर सगळं एकत्र करा, मीठ सगळ्यात शेवटी. दही घालू नका. आंबटावर आंबट होतं आणि कडसरपणा वर येतो.

जपानी पद्धतीने करायचं तर काबु, म्हणजे तिथला पांढरा सलगम, कागदासारखा पातळ चिरून मीठ लावा, दहा मिनिटांनी पिळा, त्यात गर आणि थोडं ऑलिव्ह तेल घाला. मासे खाणाऱ्यांनी पांढऱ्या माशाच्या साशिमीबरोबर, म्हणजे कच्च्या माशाच्या पातळ कापांबरोबर, गर मांडून बघावा. लिंबाची गरज राहत नाही.

जेलीच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी लक्ष द्यावं. दुकानातल्या फळांच्या जेलीत बऱ्याचदा जिलेटिन असतं. घरी कान्तेन वापरा, आपलं चायना ग्रास तेच. ४ ग्रॅम पूड ४०० मिलि पाण्यात ढवळत उकळा, उकळी आल्यावर दोन मिनिटं शिजवा, साखर विरघळवा, आच बंद करा आणि मगच गर घाला. आंबट गर कान्तेनबरोबर उकळला तर जेली धरत नाही. गर फ्रिजमधून थेट काढून टाकू नका, गारठ्याने कान्तेनच्या गुठळ्या होतात. आधी बाहेर काढून ठेवा.

टप्पा ६ : साल पाकवणं

बेप्पू, नागासाकी, कागोशिमा इथल्या स्टेशनांवर झाबोन-झुके विकायला असतं, ते याच पांढऱ्या सालीचं. चव पेठ्याच्या जवळ जाते, मागे हलका कडसरपणा. बानपेइयुच्या जाड सालीची सगळ्यात चांगली होते.

साहित्य : पिवळा थर काढलेली पांढरी साल ३०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, वरून घोळायला दाणेदार साखर.

१. सालकाढणीने पिवळा थर पातळ काढा. तेल त्या थरात असतं, राहिला तर तोंडाला चरचरतं. (हा थर वाळवून कापडी पुरचुंडीत घाला आणि आंघोळीच्या गरम पाण्यात टाका. यात्सुशिरोच्या हिनागु ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहांत, हिवाळ्यात अख्खी बानपेइयु टाक्यात तरंगत असतात.)

२. पांढऱ्या सालीच्या बोटाएवढ्या पट्ट्या करा. पातळ केल्या तर शिजताना विरतात.

३. भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, गार पाण्यात धुऊन दोन तळव्यांमध्ये दाबून पिळा. असं तीनदा.

४. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, मध्ये एकदोनदा पाणी बदला.

तपासा : सकाळी एक तुकडा पिळून चावा. कडू लागतो का, आणि दातांखाली सहज तुटतो का? खूप कडू असेल तर अजून एकदा उकळा. चिवट असेल तर साध्या पाण्यात शिजवा. साखर पडल्यानंतर साल मऊ होत नाही, उलट आवळते. पुढचं सगळं या तपासणीवर आहे.

५. जाड बुडाच्या भांड्यात पिळलेल्या पट्ट्या, जेमतेम बुडतील इतकं पाणी आणि एक तृतीयांश साखर घाला. मंद आचेवर, वर भांड्याहून लहान ताटली ठेवून शिजवा. पंधरा मिनिटांनी दुसरा हप्ता, पुन्हा पंधरा मिनिटांनी तिसरा. सगळी साखर एकदम घातली तर पट्ट्या आक्रसतात.

६. पाक आटत आला की ताटली काढा. चमच्याने ढवळू नका, भांडं हलवा. शेवटची पाच मिनिटं तिथून हलायचं नाही, इथे पाक करपतो आणि मग काहीच वाचत नाही. पट्ट्या काचेसारख्या दिसू लागल्या आणि बुडाशी पाकाचा नुसता ओलावा उरला की आच बंद.

७. जाळीवर सुट्या मांडा. जपानच्या कोरड्या हिवाळ्यात अर्धा दिवस पुरतो, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पंख्याखाली दिवस-दीड दिवस द्या. चिकटपणा गेल्यावर दाणेदार साखरेत घोळवा. ओल्या पट्ट्या घोळवल्या तर साखर पाण्यासारखी सुटते.

फ्रिजमध्ये तीनेक आठवडे राहतं, फ्रीझरमध्ये त्याहून जास्त.

भारतात न्यायचं असेल तर

ताजं फळ बॅगेत टाकू नका. वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनुसार ताज्या फळाला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर फळ विमानतळावर जप्त होऊ शकतं. झाबोन-झुकेचं बंद पाकीट न्या.

आणि फळ आधीच आडवं कापून बसला असाल तर

अर्ध्या भागात चमचा घालू नका. प्रत्येक अर्ध्याचे मध्यातून तीन-चार तुकडे करा, साल मागे वाकवून फोडी सोडवा, पापुद्रा ओढून काढा, कापलेल्या बाजूचा अर्धा सेंटिमीटर गर छाटून टाका. कडू रस तिथेच लागलेला असतो. उरलेल्या तुकड्यांचा आकार वेडावाकडा होतो, पण कोशिंबिरीला तो चालतो. साल लगेच पाण्यात टाका म्हणजे कोरडी पडणार नाही, आणि टप्पा ६ दुसऱ्या दिवशी सुरू केलात तरी चालेल.